स्टुलावरून पडणे

अंधेरी, घाटकोपर येथील दुकानांत आणि गाळ्यांत जागा कमी असते. म्हणून छताखाली माळा करून तेथे माल ठेवतात. माल काढायला शिडी हवी. पण हाताशी असते ती खुर्ची किंवा प्लॅस्टिकचे स्टूल.

स्टूल बसण्यासाठी केलेले असते. त्यावर माणूस उभा राहिला, की त्याचा गुरुत्वमध्य खूप वर जातो. मग त्याने बाजूला हात लांबवला, की भार स्टुलाच्या पायांबाहेर पडतो आणि स्टूल कलंडते. चाकांची खुर्ची तर पायाखालून सरकूनच जाते.

"एवढ्याशा उंचीवरून काय होणार?" असे आपण म्हणतो. पण स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे 2 मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू ताशी सुमारे 22 किलोमीटर वेगाने आदळते. मुलांनो, शाळेत येताना तुमची सायकलही बहुधा एवढी पळत नाही! पडताना माणूस हात टेकतो, म्हणून पुष्कळदा मनगटाचे हाड मोडते.

कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यावी, असा कायदा आपल्या देशात 1923 साली झाला. पण स्टुलावरून पडलो, हे सांगायला नोकराला लाज वाटते. तो मनगटाला हळद लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतो.