नागपूरच्या मे महिन्यात घोडा सांभाळताना

हौशी घोडेस्वारीत प्रत्यक्ष स्वारी थोडी, चाकरी फार! मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, त्यामुळे आमची मंडळी उजाडायच्या आतच तबेल्यात हजर. आधी खरारा, मग खूर उचलून खडे काढायचे, त्यानंतर खोगीर. सात वाजायच्या आत दुडकी आटोपली पाहिजे.

घोडा माणसासारखाच अंगभर घामाघूम होतो. त्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, म्हणून लगामाखाली आणि मांड्यांत पांढरा फेस दिसतो. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा जुना समज आमच्याकडे अजून निघत नाही. खरं तर पाणी पाजावं आणि अंगावरही ओतत राहावं. उन्हाळ्यात तो दिवसाला 40 लिटर सहज पितो.

खरी धास्ती पोटशूळाची. घोड्याला उलटी करता येत नाही आणि जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. म्हणून चंदी थोडी थोडी, चारा मात्र जवळजवळ दिवसभर. लीद कमी पडली की ग्रुपवर पहिला मेसेज तोच!

दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो, तेव्हा सगळे त्याच्याभोवती. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हा नागपूरकरांना मोठाच आधार.

काम उरकलं की तर्री पोहे. घोड्यांना गाजरं. पैसे कोण देणार, यावर वाद रोजचाच.