पाडायच्या आधी एकदा छताकडे बघा

जुन्या घराचा विषय निघाला की पेठेतल्या वाड्यापासून तालुक्याच्या गावातल्या दगडी घरापर्यंत उत्तर एकच असतं: पाडा आणि स्लॅब टाका. जुनं घर म्हणजे अंधार, ओल आणि न संपणारा खर्च, असं आपण धरूनच चालतो. यातला ओलीबद्दलचा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, म्हणून आधी तोच घेते.

‘ओल येते ना, मग सिमेंटचा गिलावा करून टाका.’ जुन्या भिंती दगड-विटांच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या. जोत्याखाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीतल्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जातं. त्यावर सिमेंट आणि ऑइलपेंट चढवला की ही वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं, सोबतचे क्षार गिलाव्यामागे साचतात, लोणा लागतो आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. भिंतीत रुतलेली सागवानी तुळयांची टोकं आतून कुजतात, ते तर दिसतही नाही. शिवाय ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आत सोडते. म्हणून आधी पन्हळी दुरुस्त कराव्यात, जोत्याभोवतीच्या पाण्याला उतार द्यावा आणि मग चुन्याचाच गिलावा करावा. चुना मुरवावा लागतो, गिलावा सावकाश घट्ट होतो. घाईतल्या कंत्राटदाराला ते परवडत नाही, पण घराला तेच मानवतं.

‘जाड भिंती आहेत, घर थंडच राहणार.’ हे अर्धंच खरं. जाड भिंत उष्णता अडवत नाही, लांबवते. दुपारचं ऊन रात्री आत पोचतं. तेव्हा खिडक्या उघड्या असतील तरच ते बाहेर पडतं. आणि उन्हाळ्यात खरा मारा वरून होतो. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी सूर्य थेट डोक्यावर असतो, छताला सावली कुठली? त्यामुळे पहिला रुपया छतावर खर्च करा. मंगलोरी कौलांखाली तक्तपोशी करून मधल्या पोकळीतून वारा खेळता ठेवा. गच्ची असेल तर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवा किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप द्या. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तरी वरची स्लॅब तापायची तापतेच. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर हवा.

‘मोठ्या काचा म्हणजे आधुनिक घर.’ जुन्या खिडकीला खाली-वर वेगळ्या झडपा असत. खालच्या मिटून आडोसा राखायचा, वरच्या उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यायची. ही रचना काढून तिथे सरकती काच बसवणं मला तोट्याचा सौदा वाटतो, कारण एका वेळी निम्मीच खिडकी उघडते. काचेतून ऊन एकदा आत आलं की आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नाही. छज्जा, झडप, वाळ्याचा पडदा या गोष्टी बाहेरच हव्यात.

वीज वाचवायची तर सोयी सोडाव्या लागतात, हाही समज खोटा. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा साधारण 30 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या.

आता मलाही प्रिय असलेला एक समज: ‘जुनं ते भक्कम.’ 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या घरांखाली. भिंतींच्या दोन पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते आणि वर माळवदाच्या मातीचं प्रचंड ओझं होतं. असं घर चुन्याने लिंपून सुरक्षित होत नाही. त्याचं ओझं उतरवावं लागतं, भिंतींना पट्ट्यांनी बांधावं लागतं. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याआधीही छत ते वजन पेलेल का, हे तपासावंच लागतं.

म्हणून एक विनंती. येत्या पावसाळ्यात जोराच्या सरीनंतर घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठली तुळई भिजते, ते वहीत टिपून ठेवा. ती वही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कंत्राटदाराला नंतर.