चौकट : कोळशाचं दळण

राळेगावच्या शिवारात कापूस पिकतो. त्याच यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, वणी तालुक्यात, कोळसा निघतो. उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या तिथल्या खाणी. शेजारच्या चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र कोळशावरच चालतं.

हा कोळसा ढेकळांच्या रूपात बॉयलरमध्ये जात नाही. आधी तो कोल मिलमध्ये दळतात. फिरत्या वाडग्यावर जड रोलर तो चिरडतात. सुमारे ७० टक्के भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावी, हा रूढ निकष. खालून येणारी गरम हवा भुकटी वाळवते आणि बर्नरपर्यंत उडवत नेते.

मिलच्या पोटात या क्षणी कोळसा किती? तो थेट मोजता येत नाही.

इथे गणिती प्रारूप कामी येतं. आत पडणारा कोळसा, बाहेर जाणारी भुकटी आणि उष्णतेचा जमाखर्च समीकरणांत मांडायचा; मोटरचा करंट, हवेच्या दाबातला फरक आणि तापमान यांवरून आतल्या साठ्याचा अंदाज बांधायचा.

पावसाळ्यात ओला कोळसा आला की मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान उतरतं. मग गरम हवेची झडप (डॅम्पर) जास्त उघडते. हवा थंड राहिली तर ओलसर भुकटीनं मिल तुंबते, फार तापली तर आतच आग लागते.

विजेची मागणी अचानक वाढली, तर मिलमध्ये कोळसा सोडणाऱ्या फीडरचा वेग वाढवून लगेच भागत नाही. दळायला वेळ लागतो. तोवर नियंत्रक हवेचा झोत वाढवून मिलमधली तयार भुकटी भट्टीकडे ढकलतो.