गिऱ्हाईक शोधतंय, पण आपलं दुकान दिसत नाही : बिलोलीसारख्या गावातील लहान व्यावसायिकांसाठी

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात ‘केसरी’त द्यायची होती, पैसे मोजायची तयारीही होती, तरी ‘केसरी’ने ती छापायला नकार दिला. त्याच्या थोडे आधी बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे समजताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. काम चांगले असूनही ते लोकांपर्यंत पोहोचवायची जागा दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, ते या दोन प्रसंगांतून समजते.

आज एक जागा अशी आहे जिथे नाव नोंदवायला कोणाची शिफारस लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. ती म्हणजे गुगलचा नकाशा आणि गुगलचा शोध. तरीही आपल्या तरुणांचे फोटो स्टुडिओ, मंडप, फ्लेक्स, शिलाई, मोटार रिवायंडिंग, ब्युटी पार्लर, बांधकामाची कंत्राटे असे अनेक धंदे तिथे दिसत नाहीत. काही दिसतात, पण फोन नंबर जुना असतो. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस मात्र रोज बदललेले असते. स्टेटस फक्त ओळखीचे लोक पाहतात. नवे गिऱ्हाईक शोधून येते.

एक उदाहरण घेऊ

समजा, कुंडलवाडीकडच्या एका शेतकऱ्याची मोटार ऐन पाणी द्यायच्या वेळी जळाली. नेहमीचा कारागीर फोन उचलत नाही. शेतकऱ्याचा मुलगा मोबाईल काढतो आणि ‘मोटार रिवायंडिंग बिलोली’ असे शोधतो. आपला मुलगा बिलोलीतच दहा वर्षे हे काम करतो, पण त्याचे दुकान नकाशावर नाही. मुलाला देगलूरचे किंवा नांदेडचे दुकान दिसते आणि मोटार तिकडे जाते. आपला कारागीर म्हणतो, ‘यंदा धंदा थंड आहे.’ धंदा होता, तो फक्त दुसरीकडे गेला.

अशा स्थानिक शोधात कोणाला वर दाखवायचे, हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवते आणि त्या गोष्टी त्याने स्वतःच जाहीर केल्या आहेत. तुमचे काम शोधणाऱ्याच्या शब्दांशी किती जुळते, तुम्ही त्याच्यापासून किती अंतरावर आहात आणि तुमचे नाव किती परिचित आहे. अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोन बऱ्याच अंशी आहेत.

सुरुवात प्रोफाइलपासून

‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ मोफत आहे. ते करताना पुढील गोष्टी सांभाळा.

१. ईमेल खाते तुमचे स्वतःचे हवे. कॉम्प्युटर सेंटरवाल्याच्या किंवा मित्राच्या खात्यावर प्रोफाइल करू नका. उद्या नंबर बदलायचा तर त्याच्या मागे फिरावे लागते.

२. नाव पाटीवर आहे तेवढेच लिहा. ‘पंचशील फोटो स्टुडिओ’ असेल तर तेच. ‘पंचशील फोटो स्टुडिओ बिलोली स्वस्त बेस्ट वेडिंग’ असे लांबवणे नियमाविरुद्ध आहे. प्रोफाइल निलंबित होऊ शकते.

३. व्यवसायाचा प्रकार नेमका निवडा. पंचशील, सम्राट, मिलिंद, तथागत या नावांची दुकाने महाराष्ट्रभर आहेत. तुम्ही फोटो काढता की मंडप घालता, हे गुगलला नावावरून कळत नाही. निवडलेल्या प्रकारावरून कळते.

४. दुकान नसेल तरी चालते. इलेक्ट्रिशियन, गवंडी, डीजे, आचारी यांनी घरचा पत्ता लपवून ‘सेवा क्षेत्र’ भरावे. त्यात वीसपर्यंत ठिकाणे देता येतात. बिलोली, कुंडलवाडी, सगरोळी, नायगाव, धर्माबाद, देगलूर अशी, जिथे खरोखर जाता तेवढीच भरा.

५. पडताळणीसाठी अनेकदा व्हिडिओ मागतात. आजूबाजूचा रस्ता, पाटी, कामाची अवजारे आणि दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे दाखवणारी कृती, म्हणजे कुलूप उघडणे, हे सारे सलग चित्रित करा. आधार कार्ड, बँकेची कागदे त्यात दाखवू नका.

गिऱ्हाईकाचे शब्द वापरा

आपण लिहितो ‘विद्युत यंत्र दुरुस्ती केंद्र’. गिऱ्हाईक शोधते ‘मोटार वायंडिंग’. हे शब्द शोधायला कोणताही कोर्स लागत नाही. आठवडाभर फोनवर लोक काय विचारतात ते वहीत लिहा. मग गुगलमध्ये पहिले दोन शब्द टाइप करून थांबा. खाली जे पर्याय येतात ते लोकांच्याच शोधातून आलेले असतात.

आपला भाग सीमेवरचा आहे. पलीकडे तेलंगणातले बोधन आहे, बाजारात मराठीबरोबर तेलुगू, उर्दू, हिंदी चालते. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. त्यामुळे कामाचे वर्णन मराठीत लिहा आणि सेवांच्या यादीत तीच कामे इंग्रजीतही द्या.

एक चूक आपल्याकडे फार होते. डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच वेबसाइटवर टाकला जातो. तो पाहणाऱ्याला अगम्य अक्षरे दिसतो आणि गुगललाही वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मोबाईलवर मराठी कीबोर्डने लिहिले तरी पुरे. फ्लेक्सची जाहिरात फोटो म्हणून टाकली तर त्यातला पत्ता, दर आणि नंबर शेजारी अक्षरांतही लिहा.

रिव्ह्यू : इथे कार्यकर्त्यांनी थांबावे

एखाद्या तरुणाने दुकान टाकले की आपण उत्साहाने ग्रुपवर लिंक टाकतो : ‘आपल्या बांधवाला सर्वांनी पाच स्टार द्या.’ भावना चांगली आहे, परिणाम वाईट होतो. एका दिवसात मुंबई, पुणे, औरंगाबादहून कधीच दुकानात न गेलेल्या लोकांचे रिव्ह्यू आले, की ते बनावट म्हणून काढले जाऊ शकतात आणि प्रोफाइलवर निर्बंध येऊ शकतात. शिवाय जे काम पाहिलेच नाही त्याची साक्ष देणे हे खोटे बोलणेच आहे, मग ते आपल्या माणसासाठी असले तरी.

योग्य मार्ग साधा आहे. काम झाल्यावर गिऱ्हाईकाला लिंक पाठवा किंवा काउंटरवर क्यूआर कोड लावा आणि सांगा, ‘जसे वाटले तसे लिहा.’ रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणे नियमात बसत नाही. तक्रार आली तर भांडू नका. काय चुकले आणि काय दुरुस्त केले ते दोन ओळींत लिहा. पुढचा माणूस तक्रारीबरोबर उत्तरही वाचतो.

नावाचा प्रश्न

काही तरुण आम्हाला विचारतात, दुकानाच्या नावातून, फोटोतून समाज ओळखू आला तर गिऱ्हाईक कमी होईल का? हा प्रश्न उगाच येत नाही. बाबासाहेबांच्या पेढीचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. गावात अजूनही नाव पाहून वळणारे लोक आहेत. गुगल त्यांना बदलू शकत नाही. पण नाव लपवून मिळवलेले गिऱ्हाईक नाव कळल्यावर जाणार असेल तर ते टिकाऊ नाही. नाव काय ठेवायचे हा ज्याचा त्याचा निर्णय. आम्ही कोणावर तो लादणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की परगावच्या अनोळखी माणसासमोर जातीआधी काम जाईल अशी सोय आता आहे. पन्नास खऱ्या गिऱ्हाईकांचे खरे अनुभव आणि कामाचे स्पष्ट फोटो ही ती सोय.

पैसे कुठे घालवू नयेत

‘गुगलमधून बोलतोय, तुमचे दुकान पहिल्या नंबरवर आणतो, एवढे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगते. नैसर्गिक शोधात वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. प्रोफाइलसाठी आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.

वेबसाइट लगेच हवीच असे नाही. केलीत तर एक पान पुरे : काय करता, कुठे करता, दर साधारण किती, फोन कोणता. नवी वेबसाइट दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरा. त्यात कॅटलॉग मोफत आहे. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश मात्र तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच जातो, म्हणून नंबर सेव्ह करायला सांगा.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर रोजची मर्यादा आधी घाला आणि क्षेत्र तपासा. बिलोलीभोवती मोठे वर्तुळ आखले की अर्धी जाहिरात तेलंगणात दिसते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ते चालेल, घरपोच डबा देणाऱ्याला नाही.

हंगामही ओळखा. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, लग्नसराई, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांसाठी बॅनर, मंडप, पुतळे, कपडे लोक आधीच शोधू लागतात. फोटो आणि दर महिनाभर आधी अद्ययावत करा. आदल्या दिवशी केलेले काम पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

सरकारी बाजारही ऑनलाइनच आहे

उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते आणि त्यातील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहे. ही खरेदी प्रामुख्याने जेम पोर्टलवर होते. तिथे नोंद नसलेल्याला त्या पोर्टलवरच्या खरेदीत भाग घेता येत नाही.

एका रविवारचे काम

आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. एका रविवारी विहारात चार लॅपटॉप किंवा मोबाईल घेऊन बसा. गावातील दहा व्यावसायिकांना बोलवा. प्रत्येकाने स्वतःचा फोन, पाटीचा फोटो, कामाचे पाच फोटो आणि वेळापत्रक आणावे. दहा प्रोफाइल त्या दिवशी भरून होतील. व्हिडिओ पडताळणी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या दुकानातून करावी. महिन्याने पुन्हा बसा आणि किती फोन आले, किती लोकांनी रस्ता विचारला, हे प्रोफाइलमधल्या आकड्यांत पाहा.

‘मूकनायक’ला जाहिरातीची जागा नाकारली गेली होती. आपल्याला आज ती कोणी नाकारलेली नाही. ती रिकामी राहिली तर दोष आपलाच असेल.

जय भीम.