उजेडाची बैठक आणि मोठा टीव्ही

कापडाचा जाणता व्यापारी ताग्याचा रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवत नाही. तागा उलगडून तो ओट्यावर येतो, दिवसाच्या उजेडात कापड धरतो आणि मगच भाव बोलतो. हिऱ्याची पारख करणाराही उत्तरेकडून येणाऱ्या स्थिर उजेडावर विसंबतो. दिव्याखाली प्रत्येक माल सुंदर दिसतो, हे व्यापारी घराण्यांत कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही घरासाठी मोठा टीव्ही घ्यायचा झाला, की हीच मंडळी पेढी बंद करून रात्री साडेआठ-नऊला झगमगत्या दालनात जातात आणि तिथल्या दिव्यांत चित्र पाहून सौदा पक्का करतात.

टीव्ही घरी आल्यावर मात्र त्याचा खरा ग्राहक वेगळाच असतो. कर्ती माणसे दिवसभर पेढीवर, मुले शाळा-महाविद्यालयात. बैठकीच्या खोलीत दिवसा असतात ते आजी-आजोबा. सकाळचे प्रवचनाचे थेट प्रक्षेपण, बाजारभावाच्या बातम्या, दुपारची मालिका हे सारे भर उजेडात पाहिले जाते. वय वाढले, आणि विशेषतः मोतीबिंदू सुरू झाला, की डोळ्यांना चकाकी अधिक सलते. स्क्रीनवर खिडकीचे लख्ख प्रतिबिंब पडले, की त्यांना चित्रातील चेहरे ओळखू येत नाहीत. मग दुपारी पडदे ओढले जातात आणि हवा-उजेड पाहून घेतलेल्या घरात वडीलधारी माणसे भर दिवसा काळोखात बसतात. म्हणून मोठ्या टीव्हीची निवड करताना पहिला प्रश्न असा असावा: दिवसा या खोलीत कोण बसते आणि त्या वेळी ऊन कोठून येते?

आधी खोली, मग दुकान

पश्चिमेच्या खिडकीतून येणारे दुपारनंतरचे ऊन चैत्र-वैशाखात सर्वाधिक जाचते. पूर्वेचे ऊन सकाळपुरते असते. उत्तरेचा उजेड बहुतेक काळ मवाळ असतो. दक्षिणेची खिडकी मात्र फसवी. उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने तिच्यातून ऊन फारसे आत येत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यासारख्या ठिकाणी तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. वर छज्जा नसेल, तर जमिनीपासून सात फूट उंचीपर्यंत पोहोचणाऱ्या खिडकीतून ऊन फरशीवर सहा फूट आत येते. मे महिन्यात घेतलेल्या टीव्हीविषयीची कुरकुर दिवाळीनंतर सुरू होते, ती यामुळेच.

खोलीची परीक्षा घेण्यास एक साधा आरसा पुरेसा आहे. जेथे टीव्ही लावायचा विचार असेल, तेथे तो आरसा धरावा आणि दुसऱ्याने नेहमीच्या आसनावर बसून पाहावे. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार, अशा तीन वेळांना आरशात जे दिसेल, तेच चकचकीत स्क्रीनवर उमटणार आहे. आरशात खिडकी दिसली, तर ती भिंत टाळावी. खिडकीशी काटकोनात असलेली भिंत बहुधा सर्वांत सोयीची ठरते. खिडकीसमोरच्या भिंतीवर प्रतिबिंब पडते. खिडकीच्या बाजूच्याच भिंतीवर टीव्ही लावला, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड शिरतो. संगमरवरी किंवा गुळगुळीत फरशीवरून उसळणारी तिरीपही ध्यानात घ्यावी. कवडसा थेट स्क्रीनवर पडेल अशी जागा तर कधीच निवडू नये. उन्हाच्या तापाने स्क्रीनचे नुकसान होऊ शकते.

तेजाचा हिशेब

स्क्रीनचे तेज 'निट' या एककात मोजतात. एका चौरस मीटरमागे एक कँडेला, म्हणजे स्थूलमानाने एका मेणबत्तीइतका प्रकाश, हा एक निट. साध्या एलईडी टीव्हीचे तेज सामान्यतः २५० ते ३५० निट असते. संध्याकाळी, दिव्यांच्या मंद प्रकाशात, तेवढे पुरते. मिनी-एलईडी प्रकारातील चांगले संच १,००० निटच्या पुढे जातात.

दिवसा हा फरक किती पडतो, ते एका सोप्या गणिताने कळते. खिडकीतून दिसणाऱ्या उजळ आकाशाचे तेज ५,००० निट धरले आणि साध्या काचेचा पृष्ठभाग त्यातील सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो हे लक्षात घेतले, तर स्क्रीनवर २०० निटचे प्रतिबिंब उभे राहते. चित्रातील काळ्या कोटाचे स्वतःचे तेज दहा निटही नसते. तो कोट प्रतिबिंबात बुडून जातो. परावर्तन रोखणारा लेप चांगला असेल आणि प्रतिबिंब एका टक्क्यावर आले, तर २०० चे ५० निट होतात. यावरून दिसते, की उजेडाच्या खोलीत स्क्रीनचे तेज जितके मोलाचे, तितकाच हा लेपही मोलाचा. खरखरीत, म्हणजे मॅट, पृष्ठभागावर खिडकीची स्पष्ट आकृती उमटत नाही, उजेड पसरून जातो. मात्र त्यामुळे काळा रंग किंचित राखाडी दिसतो. ज्या खोलीत प्रतिबिंब टाळताच येत नाही, तेथे ही तडजोड पत्करण्यासारखी आहे.

जाहिरातीतील आकडाही तपासून घ्यावा. 'पीक' म्हणून छापलेले तेज बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागावर, थोड्या वेळापुरते मिळते. पांढरी वस्त्रे आणि संगमरवरी सभामंडप यांनी व्यापलेले प्रवचनाचे दृश्य म्हणजे जवळजवळ संपूर्ण पांढरी स्क्रीन. तेथे संपूर्ण स्क्रीनवर टिकणारे तेजच कामाला येते. विक्रेत्याला नेमके तेच विचारावे.

ओएलईडी संचात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्यामुळे रात्रीच्या अंधारात त्याच्या काळ्या रंगाला तोड नाही. कडेला बसणाऱ्यालाही रंग फिके दिसत नाहीत. परंतु संपूर्ण पांढऱ्या दृश्यात त्याचे तेज उतरते, आणि उजेडाच्या खोलीत काळेपणाचा लाभ बराचसा वाया जातो. शिवाय एकच स्थिर चिन्ह रोज तासन्‌तास दिसत राहिले, तर त्याचा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. ज्या घरात बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंत समभागांच्या भावांचीच वाहिनी सुरू असते, तेथे ही गोष्ट लहान नाही. हमीपत्रात या दोषाचा समावेश आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीसारखे भासते. वास्तविक तो मागून प्रकाश टाकणारा एलसीडी प्रकारच आहे, फक्त रंग खुलवणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थराची त्यात भर असते. नावावर न जाता तेजाचा आकडा पाहावा.

आकाराचा मोह

टीव्हीने नजरेचा सुमारे ३० अंशांचा भाग व्यापावा असे धरले, तर ५५ इंची संचासाठी साडेसात फूट, ६५ इंचीसाठी नऊ फूट आणि ७५ इंचीसाठी दहा फूट अंतर योग्य ठरते. वृद्धांना बातम्यांच्या खालची पट्टी वाचता यावी म्हणून थोडे जवळ बसण्यास हरकत नाही. पण स्क्रीन वाढली, की प्रतिबिंबाची जागाही वाढते. ६५ ऐवजी ७५ इंची संच घेतला, तर क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. या बचतीत आणखी दहा इंच घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. एकाच किमतीत मोठा साधा संच आणि थोडा लहान पण अधिक तेजस्वी संच समोर असतील, तर उन्हाच्या खोलीसाठी दुसरा घ्यावा. उरलेली रक्कम खिडकीवर खर्चावी. पातळ पांढरा पडदा थेट ऊन मोडतो आणि उजेड राहू देतो. खिडकीबाहेर सोडलेली बांबूची चिक चकाकीबरोबर तापही अडवते. आणि घरचा टीव्ही पेढीच्या नावाने घेऊन त्यावरील कराची वजावट मागू नये. वैयक्तिक वापराच्या वस्तूंना ती मिळत नाही.

दालनात पाहताना

दालनातील संच मुद्दाम अतिशय भडक रचनेवर ठेवलेले असतात. घरगुती वापराची रचना लावून दाखवण्यास सांगावे. शक्यतो दिवसा जावे आणि दर्शनी काचेजवळचा संच पाहावा. प्रथम संच बंद करायला लावावा: काळ्या स्क्रीनवर छतावरचे दिवे किती स्पष्ट दिसतात, यावरून लेपाची प्रत कळते. मग अंधारातील एखादे दृश्य लावून पाहावे आणि कडेला सरकून रंग फिके पडतात का, हेही पाहावे. मोठ्या कुटुंबात सर्वांनाच समोर जागा मिळत नाही.

भिंतीवर लावताना पुढे कलणारा आणि बाजूला वळणारा आधार घ्यावा. स्क्रीन पाच अंश खाली कलवली, तर प्रतिबिंब दहा अंशांनी सरकते. उंच झरोक्याची चकाकी अनेकदा तेवढ्यानेच नाहीशी होते. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन रचना जोडणी करणाऱ्याकडूनच करून घ्याव्यात. दिवसाचे तेज रात्रीही ठेवले, तर डोळे शिणतात आणि विजेचे बिलही वाढते. रचना बदलण्याचे बटण घरातील वडीलधाऱ्यांना दोन-तीनदा दाखवून ठेवावे.

या साऱ्यानंतर एक कसोटी उरते. दुपारी एक वाजता, खिडकी उघडी असताना, आजोबांना आपल्या नेहमीच्या जागेवरून बातम्यांची खालची ओळ कोणाची मदत न घेता वाचता आली, तर तो टीव्ही त्या घरासाठी योग्य आहे.