धर्म, पंथ, संप्रदाय: रोजचे शब्द, निसटलेले अर्थ

‘धर्मादाय आयुक्त’ ही पाटी वाचून अनेकांना वाटतं, हे देवळांचं काम पाहणारं कार्यालय असणार. देवस्थानांचे विश्वस्त तिथे खेटे घालतात हे खरंच. पण शाळा चालवणारी संस्था, वाचनालय, दवाखाना यांचे विश्वस्तही त्याच रांगेत असतात, कारण हे कार्यालय ज्या १९५० च्या कायद्याने चालतं, तो सगळ्याच सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी आहे. या पाटीवरचा ‘धर्म’ दानधर्मातला, धर्मार्थ दवाखान्यातला. ‘धर्म करता कर्म उभं राहतं’ असं सहज म्हणणाऱ्या माणसाला हा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

म्हणूनच ‘धर्म म्हणजे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे’ ही समजूत अपुरी आहे. ‘धृ’ म्हणजे धारण करणे, या धातूपासून आलेला हा शब्द मराठीत कितीतरी कामं करतो. शेजारधर्म आणि राजधर्म यांत तो कर्तव्य सांगतो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘धातूंचे गुणधर्म’ म्हटलं की तो निव्वळ स्वभाव होतो. माणसामागे एक धर्म आणि त्यासाठी एक रकाना, हा अर्थ इंग्रजी अमदानीतल्या शिरगणतीने पक्का केला; पहिली देशव्यापी शिरगणती १८७२ ची.

याच्या उलट टोकाचा गैरसमज हल्ली जोरात आहे: धर्म म्हणजे फक्त कर्तव्य, उपासनेशी त्याचा संबंधच नाही. हेही खरं नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘धर्म’ हा रकाना असतो, तिथे कुणी कर्तव्य लिहीत नाही. शब्दाला दोन्ही अर्थ आहेत आणि कुठला घ्यायचा, हे वाक्यावरून ठरतं.

‘राज्यघटनेत धर्मनिरपेक्ष हा शब्दच नाही, पंथनिरपेक्ष आहे’ असं ठासून सांगणारे भेटतात. हिंदी उद्देशिकेपुरतं ते बरोबर आहे. मराठी उद्देशिकेत मात्र ‘धर्मनिरपेक्ष’ असंच छापलेलं आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने इंग्रजी मजकुरात घातलेल्या ‘सेक्युलर’ या एकाच शब्दाचे हे दोन अनुवाद. ‘निधर्मी’ हा तिसरा शब्द वृत्तपत्रांनी रुळवला आणि त्याने घोटाळा वाढवला, असं माझं मत आहे. धर्म न मानणारा माणूस निधर्मी म्हणवून घेऊ शकतो. राज्य धर्मनिरपेक्ष असतं, म्हणजे धर्म पाहून नागरिकांत डावंउजवं करत नाही. नागरिकाने धर्म सोडावा अशी त्याची अट नसते. उपासनेचं स्वातंत्र्य २५ व्या अनुच्छेदाने १९५० पासूनच दिलेलं आहे.

‘धम्म’ हे ‘धर्म’चंच पाली रूप, मग वेगळा शब्द कशाला, असंही विचारलं जातं. रूप पाली आहे, पण फरक त्यापुरता नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी दोहोंत स्पष्ट रेघ ओढली आहे. देव, आत्मा, पूजाविधी यांभोवती उभा राहतो तो धर्म. माणसाने माणसाशी कसं वागावं ही नीती म्हणजे धम्म. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात झाली ती धर्मांतराची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झाली ती धम्मदीक्षा. ज्यांनी दीक्षा घेतली ते हाच शब्द वापरतात, तेव्हा आपणही तोच वापरावा.

देव न मानणारा तो नास्तिक, हा आजच्या बोलीतला अर्थ चुकीचा नाही. दर्शनग्रंथ वाचताना मात्र तो दगा देतो. तिथे वेदांचं प्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं आस्तिकांच्या यादीत बसतात, तर कर्म आणि पुनर्जन्म मानणारे जैन-बौद्ध चार्वाकाच्या पंगतीला जातात. ‘पाखंड’ची घसरण याहून मोठी. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक सर्व ‘पासंडां’चा, म्हणजे सर्व पंथांचा, आदर करायला सांगतो. त्याच शब्दाची पुढे शिवी झाली.

तशीच घसरण ‘सांप्रदायिक’ या शब्दाची आज आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. संप्रदाय म्हणजे गुरूने शिष्याच्या हाती दिलेली परंपरा: नाथ संप्रदाय, वारकरी संप्रदाय. गावोगावच्या सप्ताहांच्या पत्रिकांवर ‘सांप्रदायिक भजन’ अभिमानाने छापलं जातं. हिंदीत मात्र ‘सांप्रदायिक’ म्हणजे धार्मिक तेढीचं, आणि हिंदी बातम्यांच्या अनुवादातून ‘सांप्रदायिक दंगल’ मराठीत शिरली. यासाठी मराठीतला जुना शब्द ‘जातीय दंगल’. पण तोही दिशाभूल करतो, कारण ती दोन धर्मांच्या लोकांतली असली तरी वाचणाऱ्याला जातींमधली वाटते.

बातमी लिहिणाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे: सरळ ‘धार्मिक दंगल’ लिहा. ‘सांप्रदायिक’ हा शब्द टाळ-मृदंगवाल्यांकडेच राहू द्या.