रात्रीच्या भाकरीची सोय

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोदा तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती ऊसतोड करून फेडायला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या साखर कारखान्यांकडे निघतो, काही टोळ्या पार कर्नाटकात. ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, शेळी आणि त्या पसाऱ्यावर बसलेली पोरं. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये, शाळेचं वर्ष संपत आल्यावर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. या मुलांना वर्गात ठेवायचं असेल तर फळ्याआधी चुलीचा विचार करावा लागतो, हे माझं ठाम मत आहे.

आई पोराला म्हातारीपाशी ठेवायला तयार असते. अडतं ते संध्याकाळच्या भाकरीशी. सत्तरीच्या सासूला स्वतःपुरतं करणं होत नाही, तिच्यावर तीन नातवंडं कशी टाकायची? "बाई, रातची भाकर शाळा देती का? मग ठिवते," असं एका आईनं मला सरळ सांगितलं होतं.

बीड जिल्ह्यातली हंगामी वसतिगृहं हीच अडचण सोडवतात. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली गावातलीच एखादी बाई सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करते, दुपारचा पोषण आहार असतोच. संध्याकाळी मुलं शाळेतच अभ्यास करतात, जेवतात आणि आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपायला जातात. घर तेच, गाव तेच, शाळा तीच. इतकी साधी आणि इतकी उपयोगाची योजना मी दुसरी पाहिलेली नाही.

आई-बापांबरोबर उसाच्या फडावर गेलेल्या मुलाचं काय होतं? आई-बाप पहाटे अंधारात तोडीला जातात. दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीत मागं राहते, पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते, पुढं-पुढं उसाचं वाढं बांधायला लागते. जाताना आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेनं दाखल्यासाठी अडवू नये. काही ठिकाणी साखरशाळाही चालल्या. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर सरकते, शाळा मैलभर लांब राहते आणि सीमेपलीकडे तर फळ्यावर कन्नड असतं. पत्रक आईच्या पिशवीत घडी घातलेलं तसंच परत येतं.

म्हणून वसतिगृह वेळेत सुरू होणं फार महत्त्वाचं. सप्टेंबरमध्ये घरोघर फिरून कोणाचं कुटुंब जाणार याची यादी आम्ही करतो. मंजुरी डिसेंबरात आली, तर तोवर मुलं फडावर पोचलेली असतात. अशा वर्षी गावानं धान्य गोळा करून चूल पेटवलेली मी पाहिली आहे. गावाला हे कळतं, पण दरवर्षी गावानंच का सोसायचं?

आठवीपर्यंतचं निभावतं. त्यापुढच्या मुलीची काळजी निराळी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 बायकांमागे 40 हून अधिक जणींचं लग्न 18 वर्षांच्या आत झालेलं दिसलं. आयांना मी बोल लावत नाही. वयात आलेली पोर म्हातारीजवळ ठेवायची भीती वाटते, कोपीला तर दारच नसतं. शिवाय लग्न झालं की नवरा-बायकोचा आणखी एक कोयता तयार होतो आणि त्यावर उचल मिळते.

या मुलींसाठी मला आशा वाटते ती संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची. 2021 मध्ये तिची घोषणा झाली. ऊसतोड कामगारांच्या 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी 82 वसतिगृहं ठरली. पण आईला योजनेचं नाव सांगून भागत नाही. रात्री मुलींजवळ कोण असतं, ती बाई कशी आहे, हे तिला स्वतः बघायचं असतं. म्हणून ज्यांच्या मुली पुढच्या वर्षी आमची शाळा सोडणार, त्या आयांना मी वसतिगृहात घेऊन जाते, खोल्या दाखवते, गृहपाल बाईंशी बोलायला लावते. प्रवेशासाठी लागणाऱ्या, ग्रामसेवकाकडून मिळणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राचे अर्जही आम्ही गणपतीच्या दिवसांतच भरून घेतो. तेव्हा आई-बाप दोघंही गावात असतात.